रेघ वीतभर वर

शालिग्राम पेंटरनं चहात बोट बुडवलं आणि पुंडलिकच्या कटिंगच्या टेबलावर एक उभी आणि तिच्यावर एक आडवी रेघ ओढली. टेबलावर कुणाच्या तरी ब्लाऊजचं पिवळं कापड पसरलेलं होतं. पुंडलिकनं ते झटक्यात ओढून घेतलं म्हणून वाचलं.

"ही समज आपली घाटावरची बाई," शालिग्राम म्हणाला. "अन् ही तिच्यावरची रेघ. उद्या चार वाजता पाणी ह्या रेघेच्या खालीच राहते. बोल, लावतो पैज?"

पुंडलिकनं तोंडातल्या टाचण्या हातावर काढल्या. "रविवारी दुपारी धरणातून पाणी सोडून राहिले ते. मी दोन रविवार पाह्यलं. चार वाजता रेघ बुडते."

"नाही बुडत."

"बुडते बे."

"मिशी लाव मग."

पुंडलिकचा हात आपोआप ओठावर गेला. जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात पुंडलिक टेलरची मिशी त्याच्या दुकानाच्या बोर्डाआधी दिसायची. तूप लावून पीळ दिलेली, दोन्ही टोकं गालावर चढलेली. शालिग्रामची मिशी म्हणजे काम संपल्यावर ब्रश पुसला तर जेवढा रंग उरेल तेवढी. बरोबरीची पैज नव्हतीच ती. पण ह्या मिशीवर शालिग्रामचा डोळा जुना होता. मागच्या लग्नसराईत त्यानं भल्या पहाटे येऊन पुंडलिकच्या शटरवर सुबक अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'बारात के लिए मूँछ किराये पर मिलती है'. दोघं जण खरंच भाव विचारून गेले. सिविल लाइंसमधल्या एका साहेबानं 'कुत्ते से सावधान' अशी पाटी करून मागितली, तर खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'और साहब से भी' असं लिहून मोकळा. साहेबाला ते चार महिन्यांनी दिसलं. तोवर पाटीचे पैसे खर्चूनही झाले होते.

"लावली," पुंडलिक म्हणाला.

बाकावर बसलेल्या तुळशीरामनं पेपरची घडी केली. तुळशीराम रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेला. आपण झेंडी दाखवल्याशिवाय कुणी हलू नये असं त्याला अजून वाटायचं.

"नियम मी सांगतो," तो म्हणाला. "जो हरंल तो चौकात छोटे नाईच्या खुर्चीवर बसंल. अर्धी मिशी काढंल, एकच बाजू. अन् तसाच इथून पायी घाटावर जाईल. वाटेत जो विचारंल त्याला आपल्या तोंडानं सांगंल, मी हरलो. पुढच्या रविवारी, दहा वाजता."

"दोघायची पण काढा बापा," पडद्यामागून आवाज आला. "कांचघर साफ होईल."

ती बेबीताई. पुंडलिकची थोरली बहीण. लग्नानंतर तीनच वर्षांत परत आली, तेव्हापासून ह्याच घरात. आई गेल्यावर पुंडलिकला तिनंच वाढवलं. दुकानात काजं-बटणं तिची, तुरपाई तिची, आणि मापांची वहीही तिचीच. पुंडलिकनं टेप लावून 'छत्तीस, साडेचौदा' असं म्हणायचं आणि पडद्यामागे तिनं 'हं' म्हणत लिहून घ्यायचं. तीस वर्षांत त्यानं स्वतः एक आकडा लिहिला नव्हता.

ती पडदा सारून बाहेर आली. हातात सुई होती.

"पण रेघेवर पैज काहून लावून राहिले रे? ती का खेळायची वस्तू आहे?" मग शालिग्रामकडे सुई रोखून म्हणाली, "ह्या शाल्याच्या जिभेवर माहा काडीचा भरवसा नाही. ह्यानं सूर्य उगवला म्हटलं तरी मी खिडकीतून पाहून येईन. पण ह्याच्या रेघेवर आहे. रोज पहाटे तिच्या भरवशावर पाण्यात पाय टाकतो आम्ही बाया."

"ताई, तुम्ही असं गोड बोलता, मग मला थट्टा सुचत नाही," शालिग्राम म्हणाला. पण मनात त्याला सुचलेली होती. बोट चहात बुडवायच्या आधीच.

बाई म्हणजे सिमेंटची. बरगीचं धरण झालं त्यानंतर काही वर्षांनी कुठल्याशा समितीनं एका ड्रॉइंगच्या मास्तरकडून करवून घेतली आणि ग्वारीघाटाच्या वरच्या अंगाला, काठापासून चाळीसेक पावलांवर, नदीतल्या खडकावर उभी केली. दीड माणूस उंच. डोक्यावर घागर, तोंड धरणाकडे, लुगड्याच्या सरळ चुण्या कमरेपासून पायापर्यंत. देवी नव्हती ती. पण नर्मदेत उभ्या राहिलेल्या बाईला जबलपूर किती दिवस नुसती बाई राहू देणार? वर्षभरात पायाशी कुंकू आलं, मग दिवे, मग चुनरी. काठापासून तिच्यापर्यंत दगडांची वाट होती. धरणावर वीज करायला पाणी सोडलं की काही वेळानं इथं नदी चढायची. बंद केलं की उतरायची. मुंबईहून आलेला कुणाचा तरी जावई म्हणाला होता, अहो ही तर भरती-ओहोटी, फक्त चंद्राच्या जागी इंजिनियर.

पहिल्याच वर्षी त्या वाटेवरून एक म्हातारा वाहत चालला होता. नावाडी हल्के केवटनं त्याला केस धरून ओढलं, आणि दुसऱ्या दिवशी शालिग्रामला बोलावून घेतलं. दोघांनी मिळून पाणी मापलं आणि बाईच्या लुगड्यावर लाल ऑइलपेंटनं चार बोटं रुंद रेघ मारली. रेघ पूर्ण दिसते तोवर जा. पाणी तिला टेकलं की दगडांवर मांडीएवढं चढलेलं असतं, आणि ओढ अशी की बैल उभा राहू नये. मग जायचं नाही. हल्के रोज पहाटे काठावर बिडी पेटवून बसायचा आणि येणाऱ्या बायांना ओरडून सांगायचा, "रेखा खुली!" किंवा "रेखा बंद!" एवढ्यावर सगळा घाट चालायचा.

दर वर्षी नर्मदा जयंतीच्या आधी शालिग्राम रेघ नव्यानं रंगवून यायचा. पैसे घ्यायचा नाही. बायको कुंदा म्हणायची, तुम्ही जन्मात एवढं एकच काम दात न काढता करता.

त्याच दिवशी, शनिवारी दुपारी दोन वाजता तो सायकलला दोन डबे बांधून घाटावर पोचला. एक लाल, एक सिमेंटच्या रंगाचा. नदी उतरलेली होती.

"अबे पेंटर," हल्के नावेतून म्हणाला, "जयंती को तो अभी तीन महीना है."

"कल हमारे मोहल्ले की पंगत है यहाँ. बाई को जरा चमका दूँ."

"चमका दे, चमका दे."

रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं जुनी रेघ पुसली. उरलेल्या लाल डागावर सिमेंटचा रंग मारला. मग पंजा फाकून अंगठा जुन्या रेघेच्या जागी टेकवला आणि करंगळी जिथं पोचली तिथं खूण केली. वीतभर वर. दोरा धरून नवी रेघ मारली. हात कारागिराचा, खोटी रेघ खरीपेक्षा सरळ आली. मागं सरून पाहिलं, तर काही कळत नव्हतं. लुगड्याच्या चुण्या वरपासून खालपर्यंत सारख्या. वीत इकडे की तिकडे, कोण ओळखणार? त्याला एवढं हसू आलं की बाईच्या पायाला धरून उभं राहावं लागलं. उद्या जेवणं झाली, पाणी उतरलं, की परत जागेवर. पुंडलिकला नंतर सांगू. अर्धी मिशी गेल्यावर.

रविवारी गल्लीचं आवळीभोजन होतं. काठावरच्या आवळ्याखाली चाळीस पानं मांडली. वांग्याची भाजी, वरण, रोडगे. साडेतीनपासून सगळी गल्ली नदीकडे तोंड करून बसली. पाणी चढायला लागलं. आधी दगडांची वाट बुडाली, मग बाईचे पाय, मग चुण्या. पुंडलिक मिशीला पीळ देत होता. तुळशीराम रेल्वेचं घड्याळ हातात धरून उभा होता.

"चार," तो म्हणाला.

पाणी रेघेच्या चार बोटं खाली उभं होतं.

"रेखा खुली!" हल्के काठावरून ओरडला, आणि पोरीबाळींनी जो काही गलका केला! शालिग्राम वरणाचा डाव हातात घेऊन नाचला. पुंडलिक नदीकडे बघत राहिला, जसं कुणी बेतलेलं कापड कमी भरल्यावर बघतं.

तेवढ्यात बेबीताईनं पदर खोचला. तिच्या हातात दिव्यांची ताटली होती.

"खुली आहे तं आताच ठेवून येतो," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरायला लागली.

शालिग्रामचा नाच थांबला. डाव टाकून तो तिच्या आडवा झाला.

"ताई, आता कुठं? आधी भावाची मिशी डोळे भरून पाहून घ्या, पुढच्या रविवारी अर्धीच राहणार! अन् दिवा पुनवेला ठेवतात का आदल्या दिवशी? उद्या पुनव आहे."

"हे मात्र बरोबर बोललास," बेबीताई हसली. "उद्याच येतो. कार्तिकाचा शेवटचा दिवस."

तिनं ताटली खाली ठेवली. शालिग्रामनं श्वास सोडला आणि आणखी दोन रोडगे खाल्ले.

पाणी अंधार पडेपर्यंत उतरलं नाही. टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला. रंगाचे डबे सीटखाली होते. शालिग्रामनं एकदा बाईकडे पाहिलं, एकदा टेंपोकडे. उद्या दहाला येऊ आरामात, असं ठरवून तो चढला. परतताना सगळ्या वाटेवर तो पुंडलिकच्या अर्ध्या मिशीची नक्कल करत होता, आणि सगळा टेंपो हसत होता. बेबीताई सगळ्यांत जास्त.

सोमवारी सकाळी आठ वाजता कुंदा रिक्षातून उतरली तेव्हा तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं. शालिग्राम ओट्यावर दात घासत होता.

"अहो, बेबीताई गेल्या," ती म्हणाली.

"कुठं?"

कुंदा ओट्यावरच बसली. धुकं होतं, म्हणाली. बाई जेमतेम दिसत होती, पण रेघ दिसत होती, लालभडक. पाणी रेघेच्या खाली होतं. हल्के म्हणाला, रेखा खुली दीदी. मी पण जाणार होती, पण गुडघा धरला म्हणून पायरीवर थांबली. बेबीताई पुढं झाल्या. पाचसात दगड गेल्या अन् म्हणाल्या, कुंदे, आज पाणी थंड आहे बापा. मग ताटली दिसली. मी तशीच पाण्यात उतरली. ताटली नुसती पाण्यावरून जाऊन राहिली होती. एक दिवा तेवता होता तिच्यात.

शालिग्रामच्या तोंडातला फेस हनुवटीवरून खाली ओघळला. त्यानं पुसला नाही.

सगळी गल्ली खाली तिलवाऱ्याकडे धावली, कारण नदी नेते ती तिकडेच नेते. शालिग्रामही निघाला. पण ग्वारीघाटाच्या वळणावर त्यानं सायकल वळवली. दुपारी नदी उतरली होती. काठावर चिटपाखरू नव्हतं. हल्केही नाव घेऊन खाली गेलेला. शालिग्राम दगडांवरून बाईपाशी गेला. रॉकेलचा बोळा, सिमेंटचा रंग, मग लाल. कुणी पुढं फसू नये म्हणून करतोय, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते खोटंही नव्हतं. पण मधूनमधून मान वळवून काठाकडेही बघत होता. ह्या वेळी रेघ वाकडी आली. घाईत त्यानं दोरा धरलाच नव्हता.

बेबीताई मंगळवारी सापडली, तिलवाऱ्याच्या पुलाखाली.

मग जे झालं ते शालिग्रामच्या हिशेबात नव्हतं. घाटाच्या समितीची माणसं आली, पाणी पाहिलं, रेघ पाहिली. सोमवारी पहाटे धरणातून किती पाणी सुटलं होतं त्याची चौकशी झाली. तेवढं पाणी पुन्हा बुधवारी आलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रेघ बुडाली, चांगली टीचभर आत गेली. मग सोमवारी 'रेखा खुली' म्हणणारा एक तर प्यालेला असणार, नाही तर आंधळा. हल्के दोन्ही हात जोडून सांगत होता, "मैया की सौगंध, रेखा दिख रही थी. पूरी दिख रही थी." कोण ऐकणार? रेघ तर समोर होती. त्याची नाव वाळूत उलटी घालायला लावली. आता तो पायरीवर बसायचा, आणि एखाद्या बाईनं सवयीनं विचारलंच, भैया, रेखा खुली है? तर म्हणायचा, "किसी और से पूछो, बहन. मेरी आँख का भरोसा नहीं."

कुंदाचंही तेच.

"मी पाह्यली ना हो," ती पोळ्या लाटता लाटता म्हणायची. "पाणी खाली होतं रेघेच्या."

"धुक्यात काय दिसते तुला," शालिग्राम म्हणाला.

एकदाच म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी ती विजय नगरला जाऊन डोळे तपासून आली. डॉक्टरनं चष्मा दिला. त्या दिवसापासून चष्मा लावून ती भिंतीवरचं कॅलेंडर लांबून वाचून बघायची, मग चष्मा काढून वाचायची, मग पुन्हा लावून. दोन्ही वेळा तारीख सारखीच दिसायची. 

दहाव्याला सगळे घाटावर गेले. बेबीताईला मूल नव्हतं, सगळं पुंडलिकनंच केलं. न्हाव्यानं आधी डोकं केलं. मग वस्तरा ओठावर आणला आणि क्षणभर थांबला. पुंडलिकनं मान हलवली. तीस वर्षांची मिशी वस्तऱ्याच्या दोन फेऱ्यांत पडली. पाण्यानं भिजून ती चिमूटभर झाली होती. त्याचं तोंड शालिग्रामला ओळखू येईना. मिशीखाली इतका बारीक, लहान मुलासारखा ओठ असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

पिंड ठेवून झाल्यावर लोक पांगले. शालिग्राम एका बाजूला आवळ्याला टेकून उभा होता. पुंडलिक ओल्या धोतरानं त्याच्याजवळ आला.

"तुझं राह्यलं ना रे," तो म्हणाला.

"काय?"

"अर्धी ठरली होती. अन् ही तं पूर्णच गेली." त्यानं ओठावरून बोट फिरवलं, तिथं काही नाही हे लक्षात आल्यावर हात खाली घेतला. "उगवली की देतो. ताई म्हणत होती त्या रात्री, हरला तं मुकाट्यानं देऊन टाक, तोंड पाडू नको. देईन मी. बुडवत नाही."

शालिग्रामला वाटलं आता बोलावं. तोंडही उघडलं. पण समोर नदीत बाई उभी होती, तिच्यावर त्याची वाकडी रेघ होती, आणि पायरीवर हल्के गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

"घाई नाही," तो म्हणाला. पुंडलिकनं मान डोलावली, जसं सवलत दिल्याबद्दल माणूस डोलावतो.

तेरावं झालं. त्यानंतरच्या रविवारी पुंडलिकनं पहिल्यांदा दुकान उघडलं. पडद्यामागे कुणी नव्हतं. दहाला पाच मिनिटं असताना शालिग्राम घरातून निघाला. चौकात भाजीच्या गाड्या लागलेल्या, चहाच्या टपरीवर गर्दी, रस्त्यापलीकडे पुंडलिकच्या मशीनची घरघर. छोटे नाईची खुर्ची रिकामी होती. शालिग्राम जाऊन बसला.

"दाढ़ी, पेंटर भैया?"

"मूँछ. आधी उड़ा दे. सिर्फ ये बाजू की."

छोटेनं त्याच्याकडे पाहिलं, मग दात काढले. "अरे, शर्त तो तुम जीते थे!"

एवढं पुरे होतं. टपरीवरची माणसं उठून आली. "पेंटर का नया नाटक है." "देखना, बाद में नकली निकलेगी." कुणीतरी शिट्टी वाजवली. तुळशीराम काठी टेकत आला आणि लोकांना मागं सारून म्हणाला, "शालिग्राम, हे काय करून राहिला? त्याच्या घरी आत्ता तेरावं झालं. थट्टेला काही वेळ असते का नाही?"

वस्तऱ्याचा गार स्पर्श ओठावर झाला. डावी बाजू दोन झटक्यांत गेली. होतीच किती. छोटेनं आरसा पुढं धरला. गर्दीत हसू फुटलं, आणि वीसएक वर्षांत पहिल्यांदा त्या हसण्याची शालिग्रामला भीती वाटली.

"मी हरलो," तो म्हणाला.

"हारे काहे को, बताओ तो!"

त्यानं मान खाली घातली. मग बोलला ते मराठीत. त्या चौकात मराठीत बोललं तर चार माणसांना कळेल आणि बाकीचे हसत राहतील, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"पाणी रेघेला लागलं होतं, तुळशीरामजी. रविवारी पण, सोमवारी पण. मी रेघ वर केली होती. वीतभर. नंतर खाली आणली. हल्केनं जे पाह्यलं ते बरोबर होतं. कुंदानं पाह्यलं ते पण."

लोक हसत होते. एकजण म्हणाला, "मराठी में भी डायलॉग मारता है बे!" तुळशीरामनं मान वळवून पुंडलिकच्या दुकानाकडे पाहिलं.  आणि रस्त्यापलीकडची मशीन थांबली.

पुंडलिक दुकानाच्या दारात आला. गळ्यात टेप, डोक्यावर नुकते उगवलेले खुंट. तो रस्ता ओलांडून आला तेव्हा एका सायकलवाल्यानं ब्रेक दाबून शिवी दिली. पुंडलिकनं तिकडे पाहिलंही नाही. खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. हसणं जवळच्यांपासून विझत गेलं.

"किती?" त्यानं विचारलं.

शालिग्रामनं हात वर केला. अंगठा आणि करंगळी फाकवली. बोटं धड ताणली जात नव्हती.

पुंडलिकनं गळ्यातून टेप काढला. एक टोक शालिग्रामच्या अंगठ्यावर टेकवलं, दुसऱ्या हातानं त्याची करंगळी धरून सरळ केली आणि तिच्यापर्यंत टेप ताणला. वाकून आकडा वाचला, गिऱ्हाइकाचा वाचतो तसा.

"साडेआठ," तो मोठ्यानं म्हणाला, मान दुकानाकडे किंचित वळवून.

आतून कुणी 'हं' म्हटलं नाही.

 पुंडलिकनं टेप गुंडाळून खिशात ठेवला. छोटेला काय करावं कळत नव्हतं. उगीच वस्तरा पुसत तो हळूच म्हणाला, "दूसरी तरफ भी बराबर कर दूँ, भैया? अच्छा नहीं लग रहा."

"राहू दे," पुंडलिक म्हणाला. "अर्धीच ठरली होती." आणि शालिग्रामला, "उठ."

शालिग्राम उठला. गर्दी आपोआप दुभंगली. तो पुढं निघाला, घाटाच्या रस्त्याला. चारपाच पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागं चपलांचा आवाज येतोय. पुंडलिक दहा पावलांवर होता. दुकान उघडंच टाकून निघाला होता. घाट तिथून दोन तासांच्या वाटेवर.

चौकाच्या टोकाला पहिली गाडी मेथीवालीची. शालिग्रामकडून तिनं गाडीवर आपलं नाव लिहून घेतलं होतं. त्याचं तोंड पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

"हाय दैया, पेंटर भैया! ये क्या हो गया?"

"मी हरलो," शालिग्राम म्हणाला, आणि पाऊल पुढं टाकलं.

"थांब," मागून आवाज आला. पुंडलिकचा आवाज चढलेला नव्हता. "हिंदीत सांग. अन् पूर्ण सांग."

शालिग्राम थांबला. मेथीवाली हातात जुडी धरून वाट बघत होती, अजून हसायच्या बेतात. तो तिच्याकडे वळला.